हातात बसलेली गाणी

गिटार शिकवणारे सगळे सर एक गोष्ट ठासून सांगतात: रोज हातात घ्या, दहा मिनिटं का होईना. हे दहा मिनिटांचं माप त्यांनी कुणाच्या घरात घेतलं असेल कोण जाणे. माझ्या घरात दहा मिनिटं म्हणजे कुकर गॅसवर चढवल्यापासून तिसरी शिट्टी होईपर्यंतचा वेळ, आणि त्या शिट्ट्याही कुणीतरी मोजाव्या लागतात. संध्याकाळच्या लोकलने डोंबिवलीला उतरून, भाजी घेऊन घरी आलेली बाई या वेळात नुसती स्वस्थ बसली, तरी घरातले दोघंजण येऊन विचारून जातात, बरं वाटत नाही का? गिटार घेऊन बसलं की निदान तो प्रश्न येत नाही. तब्येत ठणठणीत असल्याची खात्री पटते आणि मंडळी दुसऱ्या खोलीत जातात.

त्या दहातली पहिली दोन मिनिटं तारा लावण्यात जातात. सहा तारांच्या शेजारशेजारच्या पाच जोड्या होतात. त्यातल्या चार जोड्यांमध्ये षड्ज-मध्यमाचं अंतर असतं, आणि जी व बी या जोडीत मात्र षड्ज-गांधाराचं. त्यामुळे जाड तारेच्या पाचव्या फ्रेटवर बोट ठेवून पुढची तार मिळवत जायची, हा साधासरळ नियम जी तारेपाशी आला की एका घरासाठी चौथ्या फ्रेटवर सरकतो आणि नंतर पुन्हा मुकाट पाचव्यावर येतो. या खास वागणुकीमुळे बी तार शेफारली आहे असं माझं मत आहे. एका कॉर्डमध्ये ती गोड लागते आणि पुढच्याच कॉर्डमध्ये तोंड फिरवते. फोनवरचं ट्यूनरचं ॲप हिरवा दिवा दाखवून मोकळं होतं, कान म्हणतो नाही. दोघांची समजूत घालेपर्यंत पहिली शिट्टी झालेली असते. पावसाळ्यात तर विचारूच नका. दमट हवेने तारांवर गंज चढतो, बोटांची टोकं काळी होतात आणि त्याच बोटांनी नंतर कणीक मळायची असते.

उरलेल्या वेळात काहीतरी नवीन बसवावं असं रोज मनात असतं. पण हाताचे बेत वेगळे असतात. तो न सांगता ए मायनरवर जाऊन बसतो, अंगठा पाचव्या तारेवर पडतो आणि 'नीले नीले अंबर पर' सुरू होतं.

हे गाणं १९८३ च्या 'कलाकार' या चित्रपटातलं. संगीत कल्याणजी-आनंदजी यांचं, आवाज किशोरकुमारचा. चित्रपटाची गोष्ट आज कुणाला विचारली तर सांगता येणार नाही, पण सुरुवातीचा तो सुटा सुटा गिटारचा तुकडा ज्यांनी कधी गिटारला हात लावला नाही त्यांनाही पाठ असतो. गंमत म्हणजे ही चाल मुळात इळयराजा यांची. आदल्याच वर्षी आलेल्या 'पयणंगळ मुडिवदिल्लै' या तमिळ चित्रपटातलं 'इळय निला', एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी गायलेलं. चेन्नईहून निघालेली चाल मुंबईमार्गे कल्याण-डोंबिवलीच्या बाल्कन्यांत उतरली आणि कायमची राहिली. आपल्याकडे अशा स्थायिक झालेल्यांना कुणी मूळ गाव विचारत नाही.

आता कुणी विचारलं, की हे तुझं आवडतं गाणं का, तर उत्तर नाही असं आहे. वाईट आहे असं मुळीच नाही, पण आवडीच्या गाण्यांची यादी काढायला बसले तर मदनमोहन, खळे, हृदयनाथ यांची पानंच्या पानं भरतील आणि 'नीले नीले'ची आठवण कुणी करून दिल्याशिवाय होणार नाही. आवडलेली गाणी मनात बसतात, वाजणारी हातात बसतात, आणि या दोन मंडळींची एकमेकांशी ओळख असतेच असं नाही. मनात बसायला गाणं सुंदर असावं लागतं. हातात बसायला ते सी, जी, डी, ई मायनर, ए मायनर एवढ्यात भागणारं असलं की पुरतं. या कॉर्डना मोकळ्या तारा चालतात, दोन-तीन बोटं ठेवली की काम होतं. एफ मेजर आला की तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी दाबायची, आणि ती दाबूनही मधलीच एखादी तार थप्प असा आवाज काढते. गिटार सोडून दिलेल्या माणसांना नेमकी कुठे सोडलीत असं विचारलं, तर बरेचजण एफपाशीच सोडल्याचं सांगतील. जे सोडत नाहीत ते चारच तारांचा छोटा एफ धरतात आणि पुढे जातात. मी पुढे गेलेल्यांपैकी आहे.

माझ्या पिढीच्या हातात जी गाणी बसली, ती अशीच सोयीने बसली. 'कयामत से कयामत तक' १९८८ मध्ये आला आणि 'पापा कहते हैं'मधल्या आमिरकडे बघून किती घरांत गिटारचा हट्ट धरला गेला असेल! हट्ट पुरवणाऱ्या वडिलांनी गाण्याचे शब्द नीट ऐकले नसावेत. १९९३ मध्ये पाकिस्तानी गायक अली हैदरचं 'पुरानी जीन्स' आलं आणि आम्ही एकोणीस-वीस वर्षांची पोरं कॉलेजच्या कट्ट्यावर बसून गेलेल्या तारुण्याबद्दल गळे काढू लागलो. ते गेलेलं नव्हतं, समोर बसून वडापाव खात होतं. १९९६ ला लकी अलीचं 'ओ सनम', १९९९ ला केकेचं 'पल'. हे शेवटचं आलं तेव्हा माझं कॉलेज संपलं होतं, पण निरोपसमारंभ कुठलाही असो, गिटार येणाऱ्याला ते वाजवावंच लागतं. आमच्या ऑफिसातले एक साहेब निवृत्त झाले तेव्हाही ते वाजलं. साहेबांना ते कुठल्या चित्रपटातलं हे काही कळेना, आणि ते चित्रपटातलं नाहीच हे त्यांना पटेना.

इंग्रजी गाण्यांची बाजू 'नॉकिंग ऑन हेवन्स डोअर' सांभाळत असे. बॉब डिलनचं १९७३ चं गाणं, जी-डी-ए मायनर आणि जी-डी-सी, संपलं. शिकायला एक संध्याकाळ लागते. माथेरानच्या सहलीत आम्ही ते टाळ्या वाजवत, उड्या मारत म्हटलेलं मला आठवतं. ज्या चित्रपटासाठी ते लिहिलं त्यात ते गोळी लागून मरायला टेकलेल्या शेरीफच्या प्रसंगावर आहे, हे पुष्कळ पुढे समजलं. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं दुखणं वेगळं. ईगल्सनी ते तब्बल साडेसहा मिनिटांचं करून ठेवलंय आणि शेवटची दोन मिनिटं तर नुसत्या दोन गिटारी एकमेकींशी बोलतात. ते कामाच्या दिवशी सुरू करू नये. भाजी करपते.

गिटार विकत घेणाऱ्यांचीही हीच तऱ्हा. मुंबईत वाद्यं म्हटली की धोबीतलाव, आणि धोबीतलाव म्हटलं की १८६५ पासूनचं फुर्ताडोज. त्या भागातल्या कुठल्याही दुकानात शनिवारी थोडा वेळ उभं राहावं. भिंतीवरून नवी गिटार उतरवली जाते, गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, इकडेतिकडे बघतं आणि हातात बसलेलं गाणं वाजवतं. महाग गिटार असो की स्वस्त, परीक्षा त्याच चार ओळींवर. ही खोड जगभरची आहे. 'वेन्स वर्ल्ड' या १९९२ च्या अमेरिकन चित्रपटात वाद्यांच्या दुकानात 'स्टेअरवे टू हेवन' वाजवायला मनाई असल्याची पाटीच लावलेली दाखवली आहे. आपल्याकडे अशी पाटी लावायची झाली तर 'नीले नीले'च्या बरोबरीने डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चं नाव घालावं लागेल. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावचा कॅसिनो कार्यक्रम चालू असताना जळाला, रेकॉर्डिंगसाठी तिथे आलेल्या या मंडळींनी सरोवरावर पसरलेला धूर पाहिला आणि गाणं केलं. आग विझली असेल त्याच रात्री, पण ती धून दुकानांतून अजून धुमसते आहे.

माझ्याकडे कॉलेजातली एक लांब वही आहे. ओळीच्या वर पेन्सिलने कॉर्डची अक्षरं लिहिलेली. ती मी एका सीनियर मुलीच्या वहीवरून उतरवली, तिने तिच्या भावाच्या, त्याने कॅसेट ऐकून स्वतः काढलेली. प्रत्येक हातात एखादा डी मायनर पडत गेला, एखादा नसलेला जी आत शिरला. इंटरनेट आल्यावर ताडून पाहिलं तर चार ठिकाणी चार पाठ. ज्ञानेश्वरीची अशी अवस्था झाली तेव्हा १५८४ मध्ये एकनाथांनी बसून शुद्ध प्रत तरी केली. आमच्या कट्ट्यांच्या नशिबी अजून कुणी एकनाथ आलेला नाही, आणि आला तरी मी माझा चुकीचा जी सोडणार नाही. तो आता कानाला बरोबर लागतो. मूळ गाणंच तिथे चुकतं.

बाईच्या गिटारचे काही प्रश्न पुस्तकांत नसतात. मंगळसूत्राच्या वाट्या गिटारच्या पाठीवर टकटक करतात, म्हणून ते मागे पाठीवर टाकून बसायचं. उजव्या हातातली बांगडी लाकडाचं पॉलिश खरवडते. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली हवीत, नाहीतर तार दाबली जात नाही, आणि ही गोष्ट नेमकी वाजवायला बसल्यावर लक्षात येते. वेळ दिवेलागणीची. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोफ्यावरून म्हणतात, "तिन्हीसांजेला नखं कापू नयेत गं." मग एक दिवस बोथट आवाजाची गिटार. सर्वात वाईट म्हणजे भांडी. तारा दाबून दाबून डाव्या बोटांच्या टोकांना बारीक घट्टे पडतात, तीच गिटार वाजवणाऱ्याची कमाई. अर्धा तास साबणाच्या पाण्यात हात घातले की घट्टे भिजून मऊ होतात आणि त्यानंतर लगेच वाजवलं तर पातळ पोलादी तार कातडीत रुतते, पापुद्रा निघतो. हे मी नवऱ्याला नीट समजावून सांगितलं. आता ज्या दिवशी गिटार असते त्या दिवशी भांडी तो घासतो. गिटार रोज असते.

सरांचं म्हणणं अर्थात वेगळं. त्यांच्या मते वेळ कमी असेल तर गाणं वाजवूच नये. मेट्रोनोम साठवर लावावा आणि चार बोटं चार फ्रेटवर एकामागून एक ठेवत जाड तारेवरून बारीक तारेपर्यंत जावं, परत यावं. याला स्पायडर म्हणतात. हात खरोखर तयार होतो, यात वाद नाही. पण हा कोळी आमच्या हॉलमध्ये फिरायला लागला की घरातली माणसं एकेक करून कामं काढतात. मुलगा स्वतःहून अभ्यासाला बसतो, ही त्याची खरी ताकद. गाणाऱ्यांच्या घराण्यांत पूर्वी चिल्ला धरत, चाळीस दिवस कोंडून घेऊन रियाज. शिष्याच्या साधनेसाठी ती पद्धत होती असं सगळे सांगतात. घरच्यांच्या सुटकेसाठी होती असं मला वाटतं.

रोजचं ठरलेलं गाणं वाजवून वादन सुधारत नाही, हे मला माहीत आहे. सुधारावं अशी माझी त्या वेळी इच्छाही नसते. ऑफिसात दर सहा महिन्यांनी नवं सॉफ्टवेअर येतं आणि पंचविशीतली मुलं मला माऊस कुठे न्यायचा ते सांगतात. मुलाच्या शाळेचं ॲप मला नवं, बँकेचं ॲप नवं, लोकलचं तिकीट काढायची पद्धतसुद्धा अधूनमधून नवी. सबंध दिवस शिकाऊ उमेदवारी केल्यावर संध्याकाळी पुन्हा मेट्रोनोमपुढे हात जोडून उभं राहायचं? त्यापेक्षा ए मायनर बरा. तिथे मला कुणी काही विचारत नाही आणि मलाही कुणाला विचारावं लागत नाही. बोटं आपली आपण जातात, डोकं रिकामं राहतं, आणि त्या रिकाम्या जागेत उद्याच्या डब्याची भाजीसुद्धा कधीकधी सुचते.

एक तोटा मात्र आहे. वेळ नेहमी सुरुवातीपासून सुरू होतो आणि मध्येच संपतो. त्यामुळे अशा गाण्याचा मुखडा पैलवान होतो आणि अंतरा मरतुकडा राहतो. 'चुरा लिया है'चंच घ्या. १९७३ च्या 'यादों की बारात'मधलं, राहुल देव बर्मन यांचं. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. 'दम मारो दम'मधलीही त्यांचीच. त्यांना आपण गझल गाणारा गंभीर माणूस म्हणून ओळखतो, आणि त्यांच्या गिटारवर मात्र अख्खा देश झुलत होता. त्या सुरुवातीला काचेच्या ग्लासची जी किणकिण आहे ती आमच्या घरात फुकट मिळते, कारण नवरा त्याच वेळी पानं घ्यायला लागतो. गिटार आणि किणकिण छान जमून येतात आणि गाणं रंगणार तेवढ्यात तिसरी शिट्टी. या गाण्याला अंतरे आहेत हे आमच्या मुलाला आशाबाईंची रेकॉर्ड लागली तेव्हा कळलं. तो म्हणाला, "हे पुढे पण आहे?"

ऐकणारे फक्त घरातलेच असतात असं समजू नये. खालच्या मजल्यावरचे काका एकदा लिफ्टमध्ये भेटले. हातात दुधाची पिशवी, नजर मजल्यांच्या आकड्यांवर, आणि ओठांतल्या ओठांत 'नीले नीले'. मी कान टवकारले. पहिली ओळ बरोबर गेली. दुसरीत एका जागी ते थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मग पुढचा सूर लावला. पुन्हा मुखडा आला, पुन्हा तिथेच थांबले. या वेळी पिशवी हलली नाही. ती जागा मी चांगली ओळखते. तिथे एफ आहे. माझी तर्जनी तिथे पोहोचायला जो वेळ घेते, तो आता काकांच्या गाण्यात कायमचा बसला आहे. किशोरकुमार त्या जागी थांबत नाही, हे त्यांना सांगावं असं एक क्षण वाटलं, पण त्यांचा मजला आला.

आईंची मागणी मात्र ठरलेली. "अगं, ते 'शुक्रतारा' वाजव की एकदा."

"आई, ते गिटारवर नीट येत नाही."

"का? चांगल्या सहा तारा आहेत की."

पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचा आवाज. हे गाणं मनात कधी बसलं ते आठवतही नाही. हातात मात्र ते यायला तयार नाही. खळ्यांची चाल एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेतले सगळे सूर कुरवाळत जाते, आणि गिटारला फ्रेट. घसरगुंडीवरून यावं तिथे जिना उतरावा लागतो. कॉर्ड घालावी तर कुठे घालावी हाही प्रश्नच; चाल कॉर्डच्या हिशेबाने बांधलेलीच नाही. दर ओळीला एक घातली तर भजन वाटतं, दर शब्दाला घातली तर लग्नातला बँड. सुरांच्या मधल्या जागा दाखवता येत नाहीत, हीच तक्रार पेटीबद्दलही होती, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दारात उभं केलं नव्हतं. गिटारवर बंदी घालावी इतकं मनावर आमच्या घरात तिला कुणी घेतलेलं नाही, म्हणून चाललंय. शिवाय ब्रिजभूषण काबरांनी याच वाद्यावर, पण आडवं धरून आणि तारांवर धातूची कांडी फिरवून, राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे, आणि तिच्यात मींड आहे, सगळं आहे. तेव्हा दोष वाद्याचा म्हणता येत नाही, ही मोठी अडचण.

म्हणून हल्ली रविवारी दुपारी, सगळे झोपले की, मी कॉर्ड बाजूला ठेवून एकाच तारेवर ती चाल शोधते. तार बोटाने जरा ओढून सूर वर न्यायचा, तिथे क्षणभर धरायचा. ओढताना बी तार नेहमीसारखी कुरकुर करते. आई झोपलेल्या असतात असा माझा समज होता. परवा त्या सांगलीच्या मावशींशी फोनवर बोलत होत्या. "हो, वाजवते की सूनबाई. रोज वाजवते, खाडा नाही. एकच गाणं आहे, पण असतं रोज." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "ते पण बसवतेय गं, रविवारचं," आई म्हणाल्या, "'शुक्र' झालंय. तारा यायचाय."